असेम्बलरच्या मॅन्युअलचं फॉरमॅटिंग नीट करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

असेम्बलर म्हणजे प्रोसेसरला द्यायच्या, माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम. हे पान ग्नू असेम्बलरचं, म्हणजे ज्याला सगळे ‘गॅस’ म्हणतात त्याचं, मॅन्युअल समोर ठेवून लिहिलं आहे. दुसऱ्या असेम्बलरांबद्दल शेवटाकडे थोडं आहे. आज्ञा आणि निमॉनिक, म्हणजे सूचनांची आखूड नावं, इथे देवनागरीत लिहिले आहेत. फाइलीत ते रोमन लिपीतच लिहायचे. @, #, कंस, डॅश या खुणा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण बहुतेक भानगडी त्यांच्याच आहेत.

## फॉरमॅटिंग म्हणजे दिसणं. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

कादंबरीत सरळ अवतरण चिन्हाच्या जागी वळणदार चिन्ह आलं तर पान देखणं होतं. असेम्बलरच्या मॅन्युअलमध्ये तेच झालं तर वाचकाने उचललेली ओळ असेम्बल होत नाही. गॅसमध्ये एकच अक्षर लिहायचं असेल तर त्याच्या आधी एक सरळ अवतरण चिन्ह दिलं की पुरतं, बंद करणारं चिन्ह लागतही नाही. ते एकुलतं चिन्ह छपाईत वाकडं झालं की असेम्बलरला काहीच बोध होत नाही, आणि नवशिका मात्र आपलंच काहीतरी चुकलं असं समजतो. उच्च पातळीच्या भाषेत निदान कोड लिहायचा एडिटर लाल रेघ तरी ओढतो. इथे वाचकाच्या हाती फक्त मॅन्युअल असतं, आणि त्यावर त्याचा डोळे मिटून विश्वास असतो. तो विश्वास सांभाळायचं काम म्हणून मी या कामाकडे बघतो.

## नेमक्या कोणत्या फाइलींना हात लावायचा?

गॅस ज्या ग्नू साधनसंचात येतो त्या बिनयुटिल्सच्या स्रोतात ‘गॅस’ फोल्डरच्या आत ‘डॉक’ फोल्डर आहे. सर्व प्रोसेसरांना लागू असलेला मजकूर एका मोठ्या टेकइन्फो फाइलीत आहे. टेकइन्फो म्हणजे मजकुरात आज्ञा पेरून मॅन्युअल लिहिण्याची ग्नूची पद्धत. प्रत्येक प्रोसेसरचं प्रकरण वेगळ्या फाइलीत असतं आणि तिचं नाव ‘सी-’ने सुरू होतं: आय३८६ची एक, आर्मची एक, एव्हीआरची एक, रिस्क-फाइव्हची एक.

वेबवर दिसणारी एचटीएमएल पानं, टर्मिनलमधलं इन्फो, छापण्याची पीडीएफ आणि मॅन पानसुद्धा (टर्मिनलमध्ये ‘मॅन’ या आज्ञेने उघडणारं मदतीचं पान) याच फाइलींमधून तयार होतं. म्हणून तयार झालेलं पान दुरुस्त करण्यात अर्थ नाही, पुढच्या बिल्डमध्ये ते पुसलं जातं. चार रूपांमुळे कामाला एक पेच मात्र आहे. एचटीएमएलमध्ये सुंदर दिसणारी गोष्ट पीडीएफमध्ये मोडते, आणि पीडीएफमध्ये बरी वाटणारी मॅन पानातून गायब होते.

## आर्मच्या उदाहरणांतल्या कॉमेंट गायब होतात. असं का?

माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत घातक चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेकइन्फोची प्रत्येक आज्ञा @ ने सुरू होते, आणि आर्मच्या असेम्ब्लीत कॉमेंटही @ नेच सुरू होते. समजा उदाहरणात कुणी ही ओळ जशीच्या तशी टाकली:

    मूव्ह आर०, #१   @ मोजणी सुरू

टेकइन्फोत @ नंतर मोकळी जागा आली तर तीही एक वैध आज्ञा असते. तिचा अर्थ ‘इथे शब्दांमधली एक जागा सोड’. त्यामुळे मेकइन्फो, म्हणजे टेकइन्फोतून पानं बनवणारा प्रोग्राम, एरर देत नाही, इशाराही देत नाही. तयार पानावर उरतं ते असं:

    मूव्ह आर०, #१     मोजणी सुरू

कॉमेंटची खूण गेली आणि कॉमेंटचे शब्द सूचनेचाच भाग होऊन बसले. वाचक ही ओळ उचलून असेम्बलरला देतो आणि खडबडून एरर येते. खूण कधी होती हेच पानावरून कळत नसल्यामुळे वाचकाला कारण सापडणं जवळजवळ अशक्य. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा अख्खी संध्याकाळ असेम्बलरच्या कोडमध्ये दोष शोधण्यात घालवली होती. दोष मॅन्युअलमध्ये होता.

@ ला लागूनच शब्द आला असता तर मेकइन्फोने ‘अशी आज्ञा माहीत नाही’ म्हणून ओरड केली असती आणि चूक तिथल्या तिथे सापडली असती. एक अपवाद असा: @ ला लागून नुसतं ‘सी’ अक्षर आलं तर ती टेकइन्फोची स्वतःची कॉमेंट होते आणि उरलेली ओळ मुकाट्याने गिळली जाते.

उपाय साधा आहे. स्रोतात दोन @ लागोपाठ लिहा, पानावर एक छापला जातो. आर्मची फाइल नीट करायला घेतलीत तर पहिलं काम म्हणून उदाहरणांतला प्रत्येक एकटा @ शोधा.

## महिरपी कंसांचंही तसंच आहे का?

हो, पण ते निदान आरडाओरडा करतात. टेकइन्फोत खास अर्थ असलेली चिन्हं तीनच: @ आणि महिरपी कंसांची जोडी. आर्ममध्ये रजिस्टरांची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या छोट्या जागांची, यादी महिरपी कंसांत लिहितात. ‘पुश’च्या पुढे आर४ आणि एलआर असतात तसं. एक्स८६वर एव्हीएक्स-५१२चे मास्कही याच कंसांत येतात. दोन्ही ठिकाणी कंसाआधी @ द्या. डॉलर आणि टक्का यांची काळजी नको. एक्स८६च्या सूचना लिहिण्याच्या एटी अँड टी पद्धतीत तात्काळ किमतीआधी (सूचनेतच लिहिलेल्या आकड्याआधी) डॉलर आणि रजिस्टरआधी टक्का येतो. टेकइन्फोला त्यांचं काही वाटत नाही.

## त्यापेक्षा सगळी उदाहरणं @व्हर्बेटिममध्ये टाकली तर?

काम पटकन होईल, कारण त्यात कशालाच खास अर्थ राहत नाही. पण @व्हारही चालत नाही, म्हणजे ‘इथे तुमचं नाव घाला’ असं सांगणारा तिरका शब्द देता येत नाही. पूर्ण, जसाच्या तसा चालणारा प्रोग्राम दाखवायचा असेल तर @व्हर्बेटिम योग्य. वाक्यरचनेचा साचा दाखवायचा असेल तर @स्मॉलएक्झाम्पल वापरा आणि चिन्हं एकेक करून सांभाळा.

## कॉमेंटची खूण सगळ्या प्रकरणांत एकसारखी केली तर मॅन्युअल नीटनेटकं दिसेल ना?

कृपा करून करू नका. कॉमेंटची खूण प्रोसेसरप्रमाणे बदलते. एक्स८६वर #, ३२ बिटच्या आर्मवर @, ६४ बिटच्या आर्मवर दोन तिरक्या रेघा, एव्हीआरवर अर्धविराम.

आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे विशेष नडतं. मायक्रोप्रोसेसरच्या प्रयोगशाळेत त्यांचा हात नॅस्म या दुसऱ्या असेम्बलरवर बसलेला असतो, आणि तिथे अर्धविराम म्हणजे कॉमेंट. गॅसमध्ये एक्स८६वर अर्धविराम दोन सूचना वेगळ्या करतो. म्हणजे कॉमेंट समजून लिहिलेले शब्द पुढची सूचना म्हणून वाचले जातात. मॅन्युअलमध्ये कुणी ‘एकसारखं दिसावं’ म्हणून अर्धविराम टाकला, तर ही चूक आपणच शिकवल्यासारखी होईल.

याचाच एक नातेवाईक ‘.सेक्शन’ या निर्देशात भेटतो. निर्देश म्हणजे प्रोसेसरला नव्हे, असेम्बलरलाच दिलेली आज्ञा. सेक्शनचा प्रकार सांगताना बहुतेक ठिकाणी @प्रॉगबिट्स लिहितात. आर्ममध्ये @ कॉमेंटमध्ये गेलेला असल्यामुळे तिथे %प्रॉगबिट्स लिहावं लागतं. दोन प्रकरणांत दोन रूपं दिसली की दुरुस्त करायला हात शिवशिवतात. दोन्ही बरोबर आहेत, तशीच राहू द्या.

## दोन डॅशचा एकच डॅश का होतो?

साध्या मजकुरात टेकइन्फो दोन संयोगचिन्हांचं एक लांब अपसारण चिन्ह करतं, आणि तीन दिली तर त्याहून लांब. इंग्रजी गद्यासाठी ती सोय आहे, पण कमांडच्या पर्यायांचा त्याने घात होतो. ‘--३२’ हा पर्याय साध्या मजकुरात लिहिला की पानावर ‘–३२’ दिसतो. तो उचलून टर्मिनलमध्ये टाकला की गॅस ‘अशी फाइल नाही’ म्हणतो, कारण ते चिन्ह संयोगचिन्ह नसल्यामुळे तो शब्द फाइलीचं नाव समजला जातो.

प्रत्येक पर्याय @ऑप्शनमध्ये किंवा @कोडमध्ये ठेवा. त्यांच्या आत ही जोडणी होत नाही. जुन्या परिच्छेदांत पर्याय उघडेच लिहिलेले आढळतात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त संख्येने सापडणारी चूक हीच.

अवतरण चिन्हांसाठी टेकइन्फोत स्वतंत्र आज्ञा आहेत. @कोडकोटअनडायरेक्टेड सुरू केली की कोडमधलं एकेरी चिन्ह सरळ राहतं, @कोडकोटबॅकटिक सुरू केली की उलटं चिन्ह उलटंच राहतं. पीडीएफसाठी त्या फार उपयोगी पडतात.

## @कोड, @सॅम्प, @व्हार, @ऑप्शन : कधी काय?

सूचना, निर्देश, रजिस्टर, चिन्हांची नावं @कोडमध्ये. वाचकाने स्वतः भरायची जागा @व्हारमध्ये. कमांडचे पर्याय @ऑप्शनमध्ये, फाइलींची नावं @फाइलमध्ये. एखादं अक्षर किंवा अक्षरांची माळ ‘नेमकी हीच’ असं दाखवायचं असेल तर @सॅम्प.

गडबड दोन ठिकाणी होते. पहिली @व्हारची: इन्फोमध्ये त्यातला मजकूर मोठ्या लिपीत छापला जातो. खरं चिन्ह किंवा रजिस्टर चुकून @व्हारमध्ये गेलं की टर्मिनलवर वाचणाऱ्याला त्याचं नाव कॅपिटलमध्ये दिसतं, आणि गॅसमध्ये चिन्हांच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. दुसरी अवतरणांची: @सॅम्प स्वतःच अवतरण चिन्हं देतं. लेखकाने बाहेरून आणखी दिली की ती दुहेरी होतात, आणि चिन्हाचाच अर्थ सांगणाऱ्या परिच्छेदात नेमकं चिन्ह कोणतं हे ओळखू येत नाही.

## चौकोनी कंस ‘ऐच्छिक’ आहे की भाषेचा भाग, हे कसं दाखवायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण बरेच जण तो विचारतच नाहीत. वाक्यरचनेच्या साच्यात चौकोनी कंस म्हणजे ‘हे दिलं नाही तरी चालेल’. आर्ममध्ये मेमरीचा पत्ता मात्र चौकोनी कंसांतच लिहायचा असतो, आणि तो ऐच्छिक मुळीच नसतो. एकाच ओळीत दोन्ही आले तर वाचकाने काय समजावं?

मी खरे कंस कोडच्या अक्षरांत ठेवतो आणि ऐच्छिकपणा दाखवणारे कंस @आर आज्ञेने साध्या अक्षरांत देतो. पण इन्फोमध्ये अक्षरांचा फरक दिसत नाही, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे साचा दोन ओळींत फोडा: एक ऑफसेटसह, एक ऑफसेटशिवाय. जागा थोडी जास्त जाते, पण संशय उरत नाही.

## टॅब वापरले तर काय बिघडतं?

असेम्ब्लीच्या ओळीत चार रकाने असतात: लेबल, निमॉनिक, ऑपरंड, कॉमेंट. हाताने लिहिताना आपण ते टॅबने जुळवतो. पीडीएफची छपाई जुळवणारा टेक् हा प्रोग्राम मात्र प्रत्येक टॅबची एकच मोकळी जागा करतो, त्यामुळे इन्फोमध्ये सरळ दिसणारे रकाने पीडीएफमध्ये कोसळतात. @व्हर्बेटिम सोडून टेकइन्फोत कुठेही टॅब नको. आठ-आठच्या टप्प्यांनी मोकळ्या जागा घाला.

ओळ फार लांब झाली तर पीडीएफच्या समासात काळा ठोकळा उमटतो. @फायनलआउट दिलं की ठोकळा जातो, पण ओळ लांबच राहते. कॉमेंट वरच्या ओळीवर हलवणं हा खरा उपाय.

## ‘अलाइन’ या नोडचं नाव ‘.अलाइन’ असं बरोबर करू का?

नको. नोड म्हणजे टेकइन्फो मॅन्युअलचा एक विभाग. नोडच्या नावात पूर्णविराम, स्वल्पविराम आणि अपूर्णविराम टेकइन्फोत पूर्वीपासून अडचणीचे ठरलेले आहेत. गॅसचे निर्देश तर सगळेच टिंबाने सुरू होतात. म्हणून नोडचं नाव टिंबाशिवाय आणि विभागाच्या शीर्षकात निर्देश टिंबासकट, असा रिवाज पडला आहे. तो विचार करून ठेवलेला आहे. शिवाय एचटीएमएल पानाचा पत्ता नोडच्या नावावरून बनतो. नाव बदललं की जगभरच्या लोकांनी जपून ठेवलेले दुवे तुटतात.

## ‘मॅन बिगिन’, ‘मॅन एंड’ अशा कॉमेंट निरुपयोगी दिसतात. काढू?

त्या कॉमेंटच्या वेषात आहेत, पण काम करतात. मॅन पान बनवताना एक पर्ल स्क्रिप्ट टेकइन्फो वाचते आणि या खुणांमधलाच मजकूर उचलते. खुणा काढल्यात तर एचटीएमएल आणि पीडीएफ उत्तम बनतील आणि मॅन पान अर्धं रिकामं होईल. त्या स्क्रिप्टला टेकइन्फोच्या सगळ्या आज्ञा कळत नाहीत हेही ध्यानात असू द्या. पर्यायांच्या विभागात नवी आज्ञा वापरलीत तर मॅन पान उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

@इफसेट आणि @इफक्लिअर यांच्या जोड्यांनाही हीच सावधगिरी. एकाच प्रोसेसरपुरतं मॅन्युअल काढता यावं म्हणून त्या आहेत. तुमच्या बिल्डमध्ये एखादा परिच्छेद दिसत नाही म्हणजे तो मेलेला आहे असं नाही.

## दोन ठिकाणी परस्परविरोधी मजकूर दिसला. एकसारखा करू?

पुढचा डेटा मेमरीत ठरावीक सीमेवर बसवणाऱ्या ‘.अलाइन’चंच घ्या. एल्फ या ऑब्जेक्ट फाइलींच्या फॉरमॅटच्या एक्स८६वर ‘.अलाइन ४’ म्हणजे चार बाइटांची सीमा. आर्मवर तेच म्हणजे शेवटचे चार बिट शून्य, म्हणजे सोळा बाइटांची सीमा. मॅन्युअलमध्ये दोन्ही लिहिलं आहे आणि दोन्ही खरं आहे. हा घोळ टाळता यावा म्हणूनच ‘.बीअलाइन’ आणि ‘.पी२अलाइन’ हे निर्देश आहेत. पहिला सगळीकडे बाइट मोजतो, दुसरा सगळीकडे दोनाचा घात.

फॉरमॅटिंग करता करता कुणी या परिच्छेदाला ‘सुसंगत’ केलं तर एखाद्याचा डेटा चुकीच्या सीमेवर बसेल. अर्थाबद्दल शंका आली तर फॉरमॅटिंगचा बदल तिथेच थांबवा आणि शंका वेगळी मांडा.

## परिच्छेदांच्या ओळी सारख्या लांबीच्या करून घेऊ?

मोह आवरा. परिच्छेदाच्या ओळी नव्याने पाडल्या की डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या मजकुरातला फरक दाखवणाऱ्या यादीत, सगळ्या ओळी बदललेल्या दिसतात. त्यात तुम्ही @ दुप्पट केला की चुकून एक # उडवला हे तपासणाऱ्याला दिसत नाही. मोकळ्या जागांचे बदल एका कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) ठेवा, आज्ञांचे दुसऱ्यात, आणि मजकुराचा बदल असेल तर तिसऱ्यात. तपासताना गिटला, म्हणजे बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनाला, शब्दांनुसार डिफ दाखवायला सांगा. एकच अक्षर बदललेलं असेल तर ते असंच नजरेत भरतं.

## दुसऱ्या असेम्बलरांच्या मॅन्युअलला हेच लागू आहे का?

तत्त्व तेच, खुणा वेगळ्या. नॅस्मचं मॅन्युअल त्याच्या स्वतःच्या मार्कअपमध्ये लिहिलेलं आहे आणि पर्लच्या स्क्रिप्टने रूपांतरित होतं. तिथे @ निरुपद्रवी आणि उलटी तिरकी रेघ खास. त्यात अवतरणांची जोखीम जास्त, कारण नॅस्म तीन प्रकारची अवतरणं ओळखतो. एकेरी आणि दुहेरीत मजकूर जसाच्या तसा राहतो. उलट्या चिन्हांत मात्र नव्या ओळीसारखे सी पद्धतीचे संकेत चालतात. छपाईत उलटं आणि सरळ चिन्ह एकसारखं दिसलं तर ते प्रकरण निरर्थक होतं.

स्फिंक्स या दस्तऐवज बनवण्याच्या साधनात लिहिलेलं मॅन्युअल असेल तर त्याची ‘स्मार्टकोट्स’ ही सोय साध्या मजकुरातली अवतरणं आणि डॅश आपणहून बदलते. कोडच्या खुणांत ठेवलेला मजकूर सुटतो.

आयबीएमच्या मेनफ्रेमचा असेम्बलर ही फार वेगळी दुनिया आहे. तिथे पंचकार्डाचे ८० रकाने अजून जिवंत आहेत. ७२व्या रकान्यात काही अक्षर असलं की ओळ पुढे चालू राहते, आणि पुढची ओळ १६व्या रकान्यापासून वाचली जाते. अशा उदाहरणातली एक मोकळी जागा कमी झाली तरी प्रोग्राम बदलतो. त्यांना आपोआप फॉरमॅट करणाऱ्या कुठल्याही साधनापासून लांब ठेवा.

## मराठीतून असेम्ब्लीच्या नोट्स लिहिताना काय सांभाळावं?

कॉमेंट मराठीत लिहायला हरकत नाही आणि शिकवताना त्या फार उपयोगी पडतात. देवनागरी अक्षरांची रुंदी मात्र मात्रा आणि जोडाक्षरांमुळे समान राहत नाही, म्हणून मराठी मजकूर ओळीच्या शेवटच्या रकान्यातच ठेवा. त्याच्या पुढे काही जुळवायचं नसतं. सूचनेत देवनागरी आकडे टाइप होऊ देऊ नका, असेम्बलर ते आकडे म्हणून वाचत नाही. वर्ड प्रोसेसरमध्ये लिहीत असाल तर अवतरणं आपोआप वळवणारी सोय आधी बंद करा.

## काम झालं हे कसं तपासायचं?

इन्फो, एचटीएमएल, पीडीएफ आणि मॅन पान, चारही तयार करा. मेकइन्फोचा एकही इशारा शिल्लक ठेवू नका. मग तयार पानावरून, स्रोतातून नव्हे, एकेक उदाहरण उचला आणि त्या त्या प्रोसेसरच्या असेम्बलरला द्या. पीडीएफमधूनही उचला, अवतरणं आणि डॅश तिथेच फसवतात. साचे असेम्बल होणार नाहीत हे उघड आहे, पण पूर्ण उदाहरण असेम्बल व्हायलाच हवं. हे काम कंटाळवाणं आहे, तरी मी ते कधी टाळत नाही.

## मी नवा आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही रोज वापरता त्या प्रोसेसरची एकच ‘सी-’ फाइल घ्या. तिच्यात उघड्यावर पडलेले दोन डॅशचे पर्याय शोधा आणि @ऑप्शनमध्ये ठेवा. पुढच्या फेरीत टॅब काढा. आर्म घेतलं असेल तर या सगळ्याच्या आधी एकटे @ शोधा. तिसऱ्या फेरीत @व्हारमध्ये शिरलेली खरी नावं बाहेर काढा. प्रत्येक फेरीचं कमिट वेगळं ठेवा, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये चारही रूपं बनवून बघा.